गाडी कुठवर आपली आहे

पार्किंग ब्रेकचा काटा शून्यावर होता आणि मी मोठ्या उत्साहात सांगून मोकळी झाले, "ब्रेक सुटलाय, सर." मी शिकाऊ असिस्टंट लोको पायलट, आणि नागपूरच्या अजनीत माझ्या वाट्याला आलेलं ते तिसरं की चौथं रेल्वे इंजिन. सर काही बोलले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग खिडकीबाहेर. "असं?" म्हणाले. "मंग घे पुढं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. चाकांवर ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचा काटा शून्यावर असेल तर ब्रेक सुटलेला असतो, हे खरं. पार्किंग ब्रेकचं मात्र उलटं. तो स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या जोराने सुटतो. इंजिन रात्रभर थंड उभं राहिलं, सगळी हवा गळून गेली, तरी ते जागचं हलू नये म्हणून ही सोय. तिथे शून्य म्हणजे ब्रेक घट्ट लागलेला, आणि काटा पाचाच्या वर गेला की सुटलेला. गाडीभर फिरणाऱ्या ब्रेक पाइपचंही, म्हणजे बीपीचं, तसंच: ५ किलो दाब असेल तर ब्रेक सुटलेला, आणि दाब जसजसा उतरेल तसतसा ब्रेक लागत जातो. शून्य सगळीकडे सारखंच दिसतं, अर्थ काट्याकाट्याला बदलतो. भुसावळच्या वर्गात हे मी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते.

मी हिंगणघाटची. घरामागून बल्लारशाची लाइन जाते, त्यामुळे मालगाडीचे डबे मोजतच मोठी झाले. ५८ डबे आणि शेवटी गार्डाचा. मोजताना एखादा चुकला की भाऊ चिडवायचा. तेव्हा वाटायचं, सगळं काम इंजिन करतं आणि बाकीचे डबे नुसते मागून येतात. पुढे रेल्वे भरतीच्या दोन परीक्षा दिल्या, मग कॉम्प्युटरवरची ॲप्टिट्यूड. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ चा टी-स्कोअर लागतो. एका भागात जरी कमी पडला तरी घरी. मग ए-वन मेडिकल, चष्म्याशिवाय ६/६. माझ्या एका मैत्रिणीने चष्मा घालवायला डोळ्यांचं लेझर करून घेतलं होतं, ती तिथेच गळाली. मग भुसावळचं ट्रेनिंग सेंटर: सर्किट, सिग्नल, जनरल रूल्स, पुन्हा सर्किट. आणि मग अजनीची लॉबी, म्हणजे ड्यूटीवर हजर व्हायची जागा, आणि कॅबमधली तिसरी व्यक्ती म्हणून काम. एक लोको पायलट, एक असिस्टंट आणि कोपऱ्यात मी. असिस्टंटला मी दादा म्हणायचे. लोको पायलटना सर. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, व्हॅक्युम ब्रेकच्या गाड्यांपासून चालवत आलेले.

लॉबीचं काम रोजचंच. साइन ऑन, ब्रेथलायझरच्या नळीत फुंकर, कुठे किती वेगमर्यादा आहे ते सांगणारा कॉशन ऑर्डर, वॉकीटॉकी. मग बॅग तपासायची: लाल-हिरवे झेंडे, टॉर्च आणि धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके. पहिल्या दिवशी मी आईला फोनवर सांगितलं की माझ्या बॅगेत फटाके असतात, तर ती म्हणाली, दिवाळी अजून लांब आहे.

खरं शिक्षण इंजिनाच्या खाली होतं. अजनी शेडची डब्ल्यूएजी-९ इंजिनं, ६,००० अश्वशक्तीची. लांबून पाहिलं तर एक मोठी पेटी. सर पहिल्या दिवशी म्हणाले, चढायचं नाही, आधी फेरी मारायची. पुढे निघालेला लोखंडी कॅटल गार्ड वाकलाय का, रुळांसमोरचे रेल गार्ड जागेवर आहेत का. कपलरचा जबडा आणि त्याची लॉक पिन. होज पाइप कुठे फुगलाय, कुठे तडकलाय. सँडबॉक्समध्ये वाळू आहे का आणि ती कोरडी आहे का, कारण पावसाळ्यात ओली वाळू नळीतच बसते आणि चाकं घसरायला लागली की मग आठवते. ब्रेक ब्लॉक किती झिजलेत. ब्रेकच्या दांड्यांच्या पिना आणि त्या पिनांच्या टोकाला घातलेल्या कॉटर. स्प्रिंगची एखादी वेटोळी तुटली आहे का. ट्रॅक्शन मोटरच्या गिअरकेसमधून तेल ठिबकतंय का. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची पातळी काचेत दिसते, ती कुठल्या खुणेवर आहे.

मी हे सगळं टॉर्च मारून बघत निघाले. आठ-दहा मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या. "झालं, सर."

"तुझ्या हाताले काळं कसं नाही लागलं मंग?"

हात स्वच्छ होते. मला वाटलं होतं ही कौतुकाची गोष्ट आहे. "डोयानं पाह्यलं तं तं दिसते," सर म्हणाले, "पण पिन ढिली हाय का ते दिसत नाही. हात लाव. हलवून पाह्य." त्या दिवशी मी प्रत्येक कॉटर बोटाने हलवून पाहिली. एकही ढिली नव्हती. तळहातावर मात्र ग्रीसचा जो थर बसला तो रात्री घासणीने घासूनही पूर्ण निघाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी लॉबीत अंगठ्याचा ठसा मशीन घेईना.

मग वर चढायचं. आधीच्या क्रूने लॉगबुकात काय लिहिलंय ते वाचायचं. अग्निशामक जागेवर आहेत का, त्यांचं सील शाबूत आहे का. चाकांखाली लावलेल्या लाकडी पाचरी मोजून आत घ्यायच्या. विसरून तशीच निघालेल्या गाडीचे किस्से प्रत्येक लॉबीत सांगतात, आणि प्रत्येक लॉबीत ते शेजारच्या लॉबीत घडलेले असतात. बॅटरीचा काटा बघायचा. ११० व्होल्टची बॅटरी, आणि काटा ९२ च्या खाली असेल तर पुढे हात लावायचा नाही.

आणि मग ते, ज्याची मी अजूनही वाट बघते. चावी फिरवली की इंजिनाचा संगणक आधी स्वतःची चाचणी घेतो, दिवे लागतात, विझतात. पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, उचलायला हवा लागते. टाकीत नसेल तर एक छोटा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो, त्याला सगळे बेबी कॉम्प्रेसर म्हणतात. त्याची टकटक थांबली की स्विच. छपरावर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, मागचा पँटो हळूहळू उभा राहतो आणि २५,००० व्होल्टच्या तारेला जाऊन टेकतो. मीटरवर २५ चा आकडा येतो. पण इंजिन अजून मुकंच असतं. मग व्हीसीबी, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद करायचा, म्हणजे आपल्या भाषेत चालू करायचा, आणि डोक्यावर ठाक्‌ असा आवाज होतो. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरची घरघर, तेलाचे पंप, ब्लोअर, मोठे कॉम्प्रेसर, एकामागून एक जागे होतात. लग्नघरात पहाटे आधी आजी उठते, मग चूल पेटते, मग सगळं घर. मेन रिझर्व्हायरचा, म्हणजे हवेच्या मुख्य टाकीचा, काटा चढत १० वर गेला की कॉम्प्रेसर गप्प होतात, ८ वर उतरला की पुन्हा सुरू. सर या वेळी डोळे मिटून बसत. मला वाटे झोपले. एकदा म्हणाले, "एक ब्लोअर उशिरा उठला." मला काही कळलं नव्हतं. आता कधीकधी कळतं.

इंजिन एवढं तपासलं तरी ती अर्धीच गोष्ट. त्याच्यामागे साधारण सव्वासहाशे मीटर लांबीचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, असतो. मोठ्या यार्डात तो टीएक्सआरची, म्हणजे डबे तपासनिसाची, माणसं तपासतात आणि ब्रेक पॉवर सर्टिफिकेट देतात. पण जिथे टीएक्सआर नसतो, अशा साइडिंगवर, म्हणजे मुख्य लाइनपासून फुटलेल्या मालाच्या रुळांवर, माल भरला किंवा उतरवला, तर निघण्याआधी लोको पायलट आणि गार्डने मिळून गाडी तपासायची आणि मेमोवर सह्या करायच्या. याला जीडीआर म्हणतात. (गार्डचं नाव जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं आहे. कागदावर मीही तसंच लिहिते. हाक मारताना सगळे गार्डसाहेबच म्हणतात.)

मे महिना, नवतपा सुरू झालेला. नागपूरजवळच्या एका वीज केंद्राच्या साइडिंगवर कोळसा उतरवून रिकामा झालेला रेक आम्हाला बाहेर काढायचा होता. दुपारचे दीड वाजलेले, पारा ४५ च्या पुढे. आईने बॅगेत कांदा घातला होता, उन्हाची झळ लागू नये म्हणून. दादाने तो जेवताना खाऊन टाकला. मी तोंडाला दुपट्टा बांधला, वर हेल्मेट. खडीवरून चालताना बुटांचे तळवे मऊ झाल्यासारखे वाटत होते, आणि कोळशाची भुकटी घामावर बसून पापण्यांवर काजळ आलं होतं.

रिकाम्या डब्यांत काय बघायचं ते दादा चालता चालता सांगत होता. दारं बंद करून खिळ लावलीय का, नाहीतर शेजारच्या लाइनवर उघडं दार म्हणजे तलवार. खाली काही लोंबतंय का. हँडब्रेक लावलेला राहिलाय का. ब्लॉक चाकाला चिकटलेले दिसले आणि साखळी ताठ असली की ओळखायचं. ज्या डब्यांना एम्प्टी-लोडचं हँडल आहे तिथे ते एम्प्टीवर फिरवायचं, नाहीतर रिकाम्या डब्यावर भरलेल्या डब्याइतका ब्रेक बसतो, चाक जाम होऊन घासतं आणि गोल चाकाला चपटी जागा पडते. मग ते चाक गावोगाव ठोके देत फिरतं. हिंगणघाटला रात्री अंथरुणात ऐकलेले ते ठकठक-ठकठक आवाज मला एकदम आठवले. आम्ही म्हणायचो, लंगडी गाडी आली.

तेहेतिसाव्या आणि चौतिसाव्या डब्याच्या मध्ये फुसफुस ऐकू आली. होज पाइपच्या जोडातून हवा गळत होती. आतला रबरी वॉशर चिरला होता. हे काम असिस्टंटलाच करावं लागतं. दोन्ही डब्यांचे अँगल कॉक, म्हणजे ब्रेक पाइपच्या टोकाच्या झडपा, बंद करायचे, होज सोडायचे, वॉशर बदलायचा, पुन्हा जोडायचे आणि कॉक उघडायचे. अँगल कॉकचं हँडल पाइपला समांतर असेल तर उघडं, आडवं असेल तर बंद. ते आपोआप फिरू नये म्हणून आधी जरा वर उचलावं लागतं, मग फिरतं. दादा पान्याने होजशी झटत होता आणि कॉक माझ्याकडे होते. मी दोन्ही बंद केले. वॉशर बसला, होज जोडले. मी तेहेतीसचा कॉक उघडला, होज थरथरून ताठ झाला. आम्ही कान लावून ऐकलं. फुसफुस बंद. दादाने अंगठा दाखवला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर गार्डसाहेब, "तिकडे झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

उरलेला रेक बघून आम्ही इंजिनापर्यंत परत आलो तोवर माझ्या बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. कॅबमध्ये बीपीचा काटा ५ वर स्थिर. सरांनी गार्डला विचारलं, ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, किती? उत्तर आलं, ४.६.

५८ डब्यांच्या गाडीला शेवटच्या टोकाला ४.७ तरी हवा. फरक नखभर. इंजिनात ५, मागे ४.६, मी मनात म्हटलं चढेल हळूहळू. सरांनी मात्र घड्याळ पाहिलं. "मघाशी ४.८ सांगत होते न ते?" म्हणाले. मग वॉकीटॉकी उचलून गार्डला सांगितलं, मागचा कॉक उघडा, कंटिन्युटी करू.

ही चाचणी साधी आहे. शेवटच्या डब्यातून हवा सोडायची आणि इंजिनातला काटा पडतो का बघायचा. पडला तर पाइप अखंड आहे, म्हणजे ड्रायव्हरने लावलेला ब्रेक शेवटच्या चाकापर्यंत जाणार. वॉकीटॉकीत मागच्या हवेचा सूं आवाज आला. गार्डसाहेब म्हणाले, "सोडली. माझ्याकडे शून्य."

आमचा काटा ५ वरच होता. पाइपमध्ये किती हवा जातेय ते दाखवणारा एअर फ्लोचा काटाही ढिम्म.

कॅबमध्ये कोणी काही बोललं नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मी दादाकडे. मग माझ्या हातांना आठवलं. खरंच, डोक्याच्या आधी हातांना. होज जोडल्यावर उघडायला म्हणून उचलून फिरवलेलं हँडल एकच होतं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जा. गाडी कुठवर आपली हाय ते पाहून ये."

तेहेतीस डबे म्हणजे साडेतीनशे मीटर. दादा सोबत येत होता, सरांनी त्याला बसवलं. मी एकटी चालत गेले आणि वाटेत हिशेब करत गेले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. रिकामा डबा साधारण साडेबावीस टन. चौतिसाव्यापासून अठ्ठावन्नपर्यंत पंचवीस डबे, म्हणजे साडेपाचशे टनांहून जास्त, शिवाय ब्रेकव्हॅन. एवढं वजन आमच्यामागे आलं असतं आणि सरांनी ब्रेक लावल्यावर त्यातल्या एकाही चाकाला तो कळला नसता. मागच्या पाइपमध्ये कोंडलेली हवा होती म्हणून गार्डचा काटा बरा दिसत होता. ती थोडी थोडी गळत होती म्हणून ४.८ चे ४.६ झाले. आणि होजला मी पुढच्या बाजूने हवा दिली होती, त्यामुळे नवा वॉशर गळत नाही हे अगदी खरं होतं. काटे खरे, वॉशर खरा, माझं "झालं" तेवढं खोटं.

चौतीसचं हँडल आडवं होतं. पाच फुटांवरून दिसत होतं. मघाशी मी त्याच्याकडे तोंड करून उभी होते.

धातू एवढा तापला होता की दुपट्ट्याचं टोक गुंडाळून धरावं लागलं. वर उचललं, सावकाश फिरवलं. हवा आत धावली तशी होजने हिसका दिला आणि रिकाम्या पाइपमधून मागे, डब्याडब्याच्या पोटातून, आवाज लांब लांब जात राहिला. मग एकेका डब्याचे ब्रेक सुटू लागले, खट, खट, खट. मी तिथेच उभी राहून ते ऐकत होते. वॉकीटॉकीवर सर म्हणाले, काटा हलला.

पुन्हा दाब भरायला वेळ लागला. पुन्हा कंटिन्युटी. या वेळी गार्डने मागून हवा सोडल्याबरोबर आमचा काटा खाली आला. मग मेमोवर सह्या. उशिराच्या कारणात सरांनी होजचा वॉशर बदलला असं लिहिलं, आणि त्याखाली स्वतःहून आणखी एक ओळ, अँगल कॉक बंद राहिला होता, चाचणीत सापडला, उघडला. कोणाकडून राहिला ते विचारायला साइडिंगवर कोणी नव्हतं, पण लॉबीत गेल्यावर मीच सांगितलं. ऐकणाऱ्याने मान वर न करता विचारलं, "कंटिन्युटी केली होती न?" हो म्हटलं. "मग बस पाणी पी."

साइडिंगमधून निघाल्यावर सरांनी गाडीने थोडा वेग घेताच ब्रेक लावून पाहिला. ही चाचणीही नेहमीचीच, ब्रेक फील टेस्ट. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ती पायांनी अनुभवली. आधी इंजिनाला मंद ओढ, आणि मग एकापाठोपाठ एक मागचे डबे थबकत आल्याची लाट. शेवटपर्यंत. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ब्रेक गरजेपेक्षा क्षणभर जास्त धरला असावा, असं मला अजून वाटतं.

एक तक्रार इथेच करून टाकते. आठ-नऊ तासांच्या ड्यूटीत मालगाडीच्या बऱ्याच इंजिनांत अजून शौचालय नाही. म्हणून आम्ही मुली निघण्याआधी पाणी कमी पितो, आणि त्याच नवतप्यात डॉक्टर सांगतात पाणी भरपूर प्या. तपासणीच्या यादीत ब्लोअर आहे, वाळू आहे, पाचरी आहेत. माणूस शेवटी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइन ऑनच्या आधी सरांनी मला लॉबीबाहेरच्या टपरीवर गाठलं. माझ्यासमोर तर्री पोहे, त्यांच्या हातात चहा.

"५८ डबे. अँगल कॉक किती?"

"११६, सर. ब्रेकव्हॅनचे दोन धरून ११८."

"गाडी निघताना त्यातले बंद किती पाह्यजे?"

"एक. ब्रेकव्हॅनचा मागचा."

"काल किती होते?"

"दोन."

त्यांनी माझ्या पोह्यांवर आणखी तर्री घालायला सांगितली आणि पैसे त्यांनीच दिले.